पहिली निळी ट्यूब घेताना

फोर्टातल्या रंगांच्या दुकानात जाऊन "एक निळा द्या" म्हटलं, की काउंटरपलीकडचा माणूस चष्म्यावरून बघतो आणि विचारतो, "कौनसा?" मग तो खण बाहेर ओढतो. अल्ट्रामरीन, फ्रेंच अल्ट्रामरीन, कोबाल्ट, कोबाल्ट ह्यू, सेरुलियन, प्रशियन, थॅलो, इंडिगो, मँगनीज ह्यू, पीकॉक. मागे दोन जण खोळंबलेले असतात, त्यातल्या एकाला चर्चगेटहून लोकल पकडायची असते. अशा वेळी नवखा माणूस गोंधळतो आणि ज्याचं नाव सगळ्यात गोड वाटेल ती ट्यूब उचलतो. मीही तेच केलं होतं. हौसेने "कोबाल्ट" म्हणून जी ट्यूब घरी आणली, तिच्यात कोबाल्ट औषधालाही नव्हता. बरं, फसवलं म्हणावं तर तसंही नाही. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत सगळं छापलेलं होतं. ते वाचायचं असतं हेच मला माहीत नव्हतं.

तेव्हा त्या खणासमोर उभं राहण्याआधी हे वाचून जा. मी जलरंग वापरते, म्हणून उदाहरणं जलरंगांची आहेत. ॲक्रिलिक आणि तेलरंगवाल्यांनाही यातलं बरंचसं चालेल.

पायरी १ : ट्यूब उलटी करा

पुढचं नाव कंपनीने ठेवलेलं असतं. खरी ओळख मागे असते: इंग्रजी पी आणि बी ही दोन अक्षरं आणि त्यापुढे एक आकडा. पीबी म्हणजे पिगमेंट ब्लू (पिगमेंट म्हणजे रंगाची मूळ पूड), आणि हे आकडे जगभर सारखेच आहेत. दोन कंपन्यांची नावं वेगळी असोत, दोन्हींवर पीबी २९ असेल तर दोन्ही अल्ट्रामरीन. सुरुवातीला पाठ करायला एवढे पुरेत: १५ थॅलो, २७ प्रशियन, २८ कोबाल्ट, २९ अल्ट्रामरीन, ३५ आणि ३६ सेरुलियन, ६० इंडँथ्रोन. फोनमध्ये टिपून ठेवा, दुकानात आठवत नाहीत.

नावापुढे 'ह्यू' असेल तर अर्थ एवढाच, की रंग त्याच्यासारखा दिसतो, आत दुसरंच काही आहे. 'ह्यू' वाईटच असतो असं नाही. मँगनीज ब्लूचं मूळ पिगमेंट, पीबी ३३, बनायचंच थांबलं, त्यामुळे आज ह्यूशिवाय इलाज नाही. पण महागाच्या कोबाल्टच्या अपेक्षेने ह्यू घेतला, की तो कागदावर कोबाल्टसारखा वागत नाही आणि आपण स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. मी दोन महिने दिला.

'इंडिगो'वर जरा जास्त संशय घ्या. आजच्या बऱ्याचशा इंडिगो ट्यूबमध्ये नीळ नसतेच. थॅलो किंवा प्रशियनमध्ये काळा आणि कधी थोडा जांभळट मिसळून तो रंग साधलेला असतो. मागे दोन-तीन कोड दिसले की समजायचं. नवख्याने होता होईल तो एकाच कोडची ट्यूब घ्यावी. मिश्रण आपण करायचं, कंपनीने केलेल्या मिश्रणात आणखी एक रंग गेला की चिखल व्हायला वेळ लागत नाही.

स्वस्त शालेय डब्यांवर बऱ्याचदा कोडच नसतो. त्या डब्याने खुशाल चित्रं काढा, फक्त त्यावरून एखाद्या निळ्याबद्दल मत बनवू नका.

पायरी २ : दोनच घ्या

पीबी २९ आणि पीबी १५:३. म्हणजे अल्ट्रामरीन आणि हिरव्या झाकेचा थॅलो. पहिला जांभळ्याकडे झुकतो, दुसरा हिरव्याकडे. स्वभावही उलटे आहेत. अल्ट्रामरीन खडबडीत कागदाच्या खळग्यांत बसतो, वाळल्यावर कणीदार दिसतो आणि ओल्या ब्रशने बराचसा उचलता येतो. थॅलो कागदात शिरला की शिरला. कागदच कशाला, ब्रशची मूठ, नखं, बेसिन, कुर्त्याची बाही, कुठूनही निघत नाही. टाचणीच्या टोकाएवढा घेतला तरी पाण्याचा अख्खा मग निळा होतो. वर्गात नवीन कोणी आलं, की पहिल्या दिवशी त्याच्या पॅलेटमधले सगळे रंग थोडे थोडे थॅलो झालेले असतात. त्यात काही गैर नाही. फक्त थॅलोचा कप्पा पॅलेटच्या कोपऱ्यात ठेवा आणि त्याच्यासाठी पाण्याचं भांडं वेगळं घ्या.

अल्ट्रामरीनची गोष्ट मोठी आहे. अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून येणारा लाजवर्द, संस्कृतातला राजावर्त, हा त्याचा मूळ दगड. पाचव्या शतकातल्या अजिंठ्याच्या भिंतींवरही तो पोचला होता. आजूबाजूच्या डोंगरांतून मिळालेल्या गेरू-पिवळ्याच्या शेजारी तेवढा निळा परदेशाहून आलेला. दगड नुसता कुटून भागत नाही, राखाडी पूड मिळते. युरोपात ती पूड मेण आणि राळेच्या गोळ्यात घालून राखेच्या क्षाराच्या पाण्यात मळत. निळे कण पाण्यात उतरत, बाकीचा गाळ गोळ्यातच राहत असे. म्हणून तो कधीकाळी सोन्याच्या तोडीचा महाग होता. १८२४ मध्ये फ्रान्समधल्या एका संस्थेने हाच निळा स्वस्तात बनवणाऱ्याला ६,००० फ्रँकचं बक्षीस जाहीर केलं. १८२८ मध्ये ते जाँ-बाप्तिस्त गिमे यांना मिळालं. त्याच सुमाराला जर्मनीत ग्मेलिन यांनीही तो बनवला होता. चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा भट्टीत भाजला की झालं. निळेपणा येतो तो गंधकामुळे: मातीच्या स्फटिकाच्या पिंजऱ्यात गंधकाचे तीन-तीन अणू अडकून बसलेले असतात. हे तीन अणू लक्षात ठेवा, चौथ्या पायरीला त्यांची सुटका करायची आहे.

थॅलोचा जन्म १९२८ चा, स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमथच्या कारखान्यातला. पांढरा पदार्थ बनवायचा होता, पण भांड्याचं एनॅमल तडकलं होतं आणि आतल्या लोखंडाशी संबंध येऊन निळसर कचरा तयार झाला. तो कचरा फेकून न देता कोणीतरी तपासला. लोखंडाच्या जागी तांबं घातलेला त्याचा भाऊ १९३५ मध्ये बाजारात आला. आज घरी येणाऱ्या रंगीत पेपरातली निळी शाई म्हणजे हाच.

पायरी ३ : पट्ट्या काढा

३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, थोडा खडबडीत कागद घ्या. तळहाताएवढे तुकडे करा. प्रत्येकावर पेन्सिलने कोड लिहा, नाव नंतर. वॉटरप्रूफ काळ्या पेनाने आडवी रेघ मारा. तिच्यावरून रंग ओढा: वर घट्ट, खाली पाणी वाढवत अगदी फिका. वाळल्यावर काळी रेघ स्वच्छ दिसली तर रंग पारदर्शक. मग खालच्या कोपऱ्यात ओला ब्रश पाच-सहा वेळा घासून टिश्यूने टिपा. किती उचलला गेला ते तिथेच दिसतं.

आता मिश्रणं, प्रत्येक निळ्याबरोबर हेच तीन रंग: लेमन यलो, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि एखादा गुलाबी, शक्यतो क्विनाक्रिडोन.

खरा धडा इथे आहे, घाई करू नका. थॅलो आणि लेमन यलोचा हिरवा जुलैतल्या भाताच्या रोपांसारखा झगझगीत येतो. तोच पिवळा अल्ट्रामरीनमध्ये घातला की हिरवा मळतो, आंब्याच्या जुन्या पानाकडे जातो. मुंबईत झाडं रंगवायची असतील तर हा दुसराच जास्त लागतो. रस्त्याकडेच्या पर्जन्यवृक्षांवर धूळ असतेच. अल्ट्रामरीन आणि गुलाबी मिळून ताम्हणाच्या फुलाच्या जवळ जातात, थॅलोने ते साधत नाही.

आणि अल्ट्रामरीन अधिक बर्न्ट सिएना. हे एक मिश्रण जमलं तर जून ते सप्टेंबर दुसरं काही लागत नाही. निळा थोडा जास्त घातला की पाऊस पडण्याआधीचं गिरगाव चौपाटीवरचं आभाळ, सिएना जास्त घातला की भरतीचं गढूळ पाणी. कागद आधी ओला करून हे दोन्ही सोडले, की वाळताना निळे कण एकीकडे आणि तपकिरी दुसरीकडे सरकतात आणि ढगाचं पोट आपोआप तयार होतं. नवखे लोक मरीन ड्राइव्हला बसून समुद्र निळा रंगवतात. एकदा मान वर करून बघा, तो क्वचितच निळा असतो. पावसाळ्यातला खरा निळा घरांवर असतो, ताडपत्रीचा. तिथे थॅलो काढा, पाणी कमी, एका फटक्यात.

पायरी ४ : घरातली नीळ

ही पायरी गाळली तरी चित्रकला अडणार नाही, पण मी गाळू देत नाही.

पांढऱ्या कपड्यांना लावायची पुडीतली नीळ आणा, पूड हवी, बाटलीतला द्राव नको. नाव नीळ असलं तरी ती निळीच्या झाडाची नाही. झाडाची नीळ वेगळी. तिच्या सक्तीच्या लागवडीपायी १९१७ मध्ये चंपारण पेटलं, आणि तोवर जर्मनीत कारखान्यात बनलेली नीळ बाजारात येऊन वीस वर्षं झाली होती. आपल्या पुडीत आहे ते स्वस्त अल्ट्रामरीन. नाव तेवढं जुनं चिकटलं. बाटलीतली नीळ हे तिसरंच प्रकरण: तो डाय, म्हणजे पाण्यात विरघळणारा रंग. पिगमेंट विरघळत नाही, कण कणच राहतो. लहानपणी ऐकलेला निळीच्या हौदात पडलेला कोल्हा आणि ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा एमआयडीसीत फिरणारी निळी कुत्री आठवा. अंगाला लागतो तो कारखान्याचा रंग चित्रात आणू नये, इतकंच सध्या पुरे.

एका पांढऱ्या बशीत चिमूटभर पूड, तिच्यावर अर्ध्या लिंबाचा रस. खिडकी उघडी ठेवा. आधी फसफसलं तर पुडीत सोडा मिसळलेला आहे, अजून रस घाला. मग काडीने हलवत राहा. निळा हळूहळू राखाडी व्हायला लागतो आणि कुजक्या अंड्याचा वास येतो. आम्लाने पिंजरा मोडला, गंधक सुटला. मी हे पहिल्यांदा स्वयंपाकघरात केलं तेव्हा आई आतून ओरडली, "अंडी कोणी आणली गं घरात?"

यातून दोन गोष्टी कळतात. अल्ट्रामरीनच्या चित्राला आम्लाचं वावडं आहे, म्हणून मागे लावायचा पुठ्ठा आणि माउंट ॲसिड-फ्री घ्या. आणि अल्ट्रामरीनला चुन्याचं भय नाही, म्हणूनच चाळीत भिंतीला चुना मारताना बादलीत नीळ टाकत.

उरलेल्या पुडीचा रंग बनवता येतो. रंगांच्या दुकानातून गम अरेबिक आणा. किराणावाल्याकडचा लाडवाचा डिंक सरावापुरता चालतो, पण कधी चिकट, कधी पातळ निघतो. एक भाग डिंक, दोन भाग गरम पाणी, रात्रभर भिजवा, सकाळी मलमलीच्या फडक्यातून गाळा. चहाच्या चमचाभर द्रावणात मधाचे तीन-चार थेंब आणि लवंगाच्या तेलाचा एक थेंब, बुरशी लागू नये म्हणून. जाड काचेवर पुडीचा ढीग करून मध्ये खळगा करा, कणकेला पाणी घालतो तसं द्रावण थोडं थोडं घाला, सुरीने मळा. साधारण समप्रमाण लागतं. मग सपाट बुडाच्या काचेच्या पेपरवेटने आठाच्या आकड्यात घोटत राहा, किमान वीस मिनिटं. सुरुवातीला खरखर ऐकू येते. ती थांबली की रंग झाला. पाण्याच्या बाटल्यांच्या झाकणांत भरा आणि सावलीत वाळवा. हे काम दिवाळीनंतर करा. मी एकदा जुलैत केलं. आठवड्याने झाकणांतल्या निळ्यावर पांढरी लव उगवली होती.

वाळल्यावर बोटाने चोळून बघा. निळा बोटाला आला तर डिंक कमी पडला. रंगाला भेगा पडून तुकडे सुटले तर डिंक जास्त झाला.

कोरडी पूड हाताळताना मास्क लावा. आणि हे प्रयोग अल्ट्रामरीनपुरतेच. कोबाल्टची कोरडी पूड घरात आणू नका, ट्यूबच बरी.

पायरी ५ : मग जुने निळे, एकेक करून

दोन ट्यूब संपत आल्या की तिसरी घ्या. माझी निवड प्रशियन, पीबी २७. खोल, हिरवट, किंचित मळकट आणि स्वस्त. बर्लिनमध्ये १७०६ च्या सुमाराला डीसबाख नावाच्या रंग बनवणाऱ्याला किरमिजी किड्यांपासून लाल रंग करायचा होता. त्याने वापरलेल्या पोटॅशमध्ये जनावरांच्या रक्तापासूनचा काहीतरी अंश राहिला होता, आणि भांड्यात उतरला निळा. करायला गेला गणपती, झाला मारुती. पुढे शंभरेक वर्षांत हा रंग जपानपर्यंत गेला आणि होकुसाईच्या त्या प्रसिद्ध लाटेत दिसला. १८४२ मध्ये जॉन हर्शेल यांनी याच रंगावर सायनोटाइप हे छपाईचं तंत्र बसवलं. ऑक्टोबरच्या उन्हात गच्चीवर करून बघण्यासारखं आहे, पण तो वेगळा विषय.

गणपतीवरून आठवलं. आमच्या चाळीत एका वर्षी मखरामागच्या भिंतीवर आभाळ रंगवायचं काम माझ्याकडे आलं. भिंतीला आदल्याच दिवशी चुना मारलेला. मी घरातला प्रशियन पातळ करून झकास आभाळ केलं. दुसऱ्या दिवशी ते जागोजागी मळकं दिसायला लागलं, आणि गौरी आल्या तोवर गंज चढल्यासारखं तपकिरी झालं होतं. प्रशियन म्हणजे लोखंडाचं संयुग. ओल्या चुन्यासारखा अल्कली लागला की ते मोडतं आणि गंजाच्या जातीचं लोखंड तेवढं मागे राहतं. "चुन्यात नीळ टाकायची असते," बाबा म्हणाले, आणि रविवारी स्वतः कुंचा घेऊन उभे राहिले. त्यांनी रसायनशास्त्र शिकलं नव्हतं. तेव्हा नियम करून टाका: भिंत, चुना, सिमेंट दिसलं की प्रशियन घरी ठेवायचा.

कोबाल्ट, पीबी २८, थेनार यांनी १८०२ मध्ये फ्रान्समध्ये बनवला. जांभळ्याकडेही नाही आणि हिरव्याकडेही नाही असा मधला निळा, उन्हात न उडणारा. महाग आहे. आभाळ खूप रंगवत असाल तरच खर्च करा. सेरुलियनचंही तेच; तो १८६० च्या सुमाराला इंग्लंडमध्ये कलावंतांसाठी विकायला आला, थोडा अपारदर्शक आहे आणि छान कणीदार बसतो. डिसेंबरातल्या सकाळी क्षितिजाशी जो धुरकट फिका निळा असतो, तो सेरुलियनला जमतो. इंडँथ्रोन, पीबी ६०, रात्रीसाठी. त्याने काळ्या ट्यूबची गरज जवळपास संपते.

ॲझुराइट, स्माल्ट, इजिप्तचा निळा हे वापरण्यापेक्षा बघण्याचे. एखादा रविवार छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या लघुचित्रांसमोर घालवा. तिथला हिरवाही नीट बघा: आपल्या लघुचित्रकारांनी नीळ आणि हरताळ हे पिवळं खनिज मिसळून पुष्कळ ठिकाणी हिरवा केलेला आहे. कोड नव्हते, ट्यूब नव्हत्या, पण मिश्रण कळत होतं.

पायरी ६ : खिडकीची परीक्षा

तिसऱ्या पायरीतल्या पट्ट्या आणखी एकदा काढा, या वेळी फिक्या. त्यांत बाटलीतल्या निळीची एक आणि असेल तर जेल पेनाची एक घाला. प्रत्येक पट्टीचा अर्धा भाग काळ्या पुठ्ठ्याने झाका आणि उन्हाच्या खिडकीच्या काचेवर आतून चिकटवा. पाठीमागे तारीख लिहा. नोव्हेंबर ते एप्रिल हा काळ बरा. पावसाळ्यात ऊन नसतं आणि कागदाला ओल येते. मधून मधून पुठ्ठा उचलून डोकावण्याचा मोह होतो, होऊ द्या, फक्त तो पुन्हा त्याच जागी बसवा. शेवटी काय उरतं ते तुमच्या खिडकीवर अवलंबून आहे. माझ्याकडे अल्ट्रामरीन आणि थॅलो जसेच्या तसे होते, बाटलीतली निळी पट्टी कोणती हे मागचं अक्षर वाचून ओळखावं लागलं.

पायरी ७ : नवा निळा

२००९ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीत मूळचे चेन्नईचे मास सुब्रमणियन इलेक्ट्रॉनिक्ससाठी नवे पदार्थ शोधत होते. त्यांच्या विद्यार्थ्याने यिट्रियम, इंडियम आणि मँगनीजची ऑक्साइडं एकत्र करून सुमारे १२०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत ठेवली. बाहेर आला तो लख्ख निळा. तीन धातूंच्या चिन्हांवरून त्याचं नाव पडलं यिनमिन ब्लू, कोड पीबी ८६. उष्णतेने, उन्हाने त्याला काही होत नाही. उन्हातला अवरक्त भाग तो परत फेकतो, त्यामुळे छपरांच्या रंगासाठीही त्याच्याकडे बघितलं गेलं. अडचण एकच, किंमत. मोबाइलच्या टचस्क्रीनला लागतं तेच इंडियम याला लागतं.

घ्यावा का? पहिल्या वर्षी नाही. तरीही हात शिवशिवलेच, तर आम्ही केलं तसं करा. परदेशातून येणाऱ्या एकीकरवी एक छोटी ट्यूब मागवली आणि पाच जणींनी वाटून घेतली, प्रत्येकीला वाटाण्याएवढा, बाटलीच्या झाकणात. माझा वाटाणा अजून अर्धा शिल्लक आहे. त्याची पट्टी मी अल्ट्रामरीन आणि कोबाल्टच्या मध्ये चिकटवून ठेवली आहे, आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला विचारते, यातला सगळ्यात महाग कोणता? आतापर्यंत बहुतेकांनी अल्ट्रामरीनवर बोट ठेवलंय.